दादऱ्यातला ढावलो

"थांब. आत्ता काय म्हनत होतीस, ते पुन्हा म्हन."

पेटीच्या भात्यावर डोमाजी गुरुजींचा हात तसाच थांबला होता. घंटा होताच सातवीच्या मुली दप्तरं उचलून पळाल्या होत्या. मागं राहिली होती ती तांड्यावरची हंसा. तिच्या दप्तराचा बंद तुटला होता आणि त्याला गाठ मारता मारता ती स्वतःशीच गुणगुणत होती. गुरुजींनी विचारताच तिनं ओढणीचं टोक दातात धरलं.

"काही नाही जी."

"काही नाही कसं? मी ऐकलं ना."

"ते शाळेतलं नाही जी. घरचं हाय. शेजारच्या बसंतीचं लग्न हाय ना, तिले दादी शिकवून राह्यली. मी बाजूले बसतो, म्हणून येते."

"म्हन मग. दोनच ओळी."

हंसानं दाराकडं पाहिलं, कोणी नाही अशी खात्री केली आणि म्हटलं. गुरुजींनी पेटीवर तिचा सूर धरायचा प्रयत्न केला. काळी चारला ती बरोबर उभी राहिली, पण तिथून खाली येताना आवाज दोन पट्ट्यांच्या मधून असा घसरला, की गुरुजींची बोटं नुसतीच मागं धावत राहिली.

गुरुजी सहजासहजी हुरळून जाणाऱ्यातले नव्हते. पाच-सहा वर्षांत त्यांनी सायखेडीच्या शाळेत शे-दोनशे पोरांचे गळे ऐकले होते, आणि त्यातले बरेचसे ऐकले नसते तरी चाललं असतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पण त्या दिवशी त्यांनी पेटी बंद करायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावला.

हंसा म्हणत होती तो ढावलो होता, हे त्यांना ठाऊक होतं. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघते, तेव्हा घरच्या एकेका माणसाच्या गळ्यात पडून जे रडत रडत गाते, तो ढावलो. हे रडणं आयत्या वेळी येत नाही, ते शिकावं लागतं. लग्न ठरलं की तांड्यातली एखादी जाणती म्हातारी नवरीला घेऊन बसते. बापासाठी काय म्हणायचं, भावासाठी काय, कुठं श्वास तोडायचा, कुठं 'हियाऽऽ' म्हणून हुंदका घ्यायचा, हे सगळं महिना दोन महिने तिच्याकडून घोटून घेते. सायखेडीच्या तांड्यात हे काम हंसाची आजी रुक्माबाई करी. म्हणजे एका अर्थानं गावात संगीताचे शिक्षक दोन होते, फक्त त्यातल्या एकालाच सरकारी नेमणूक होती.

त्या नेमणुकीचीही एक गंमत होती. छप्पन सालच्या जुलैत डोमाजी मुनेश्वर या शाळेवर आले, तेव्हा राज्य नागपूरहून चालत होतं. मिडलस्कूलला संगीत शिक्षक असावा, असं तिथल्या कोण्या साहेबाच्या मनात आलं आणि आर्णीजवळच्या या आडगावी एक पेटी, एक तबल्याची जोडी आणि एक माणूस येऊन पडला. जागा तात्पुरती होती. नोव्हेंबरात राज्य बदललं, कागद मुंबईला गेले. साठ साली राज्याचं पुन्हा नाव बदललं. दर वर्षी जागेला मुदतवाढ मिळे आणि दर वर्षी मार्चमध्ये गुरुजी पोस्टमनची वाट पाहत दारात उभे राहत. एकाच स्टुलावर बसून त्यांनी तीन राज्यांची नोकरी केली होती.

त्याच छप्पन सालच्या ऑक्टोबरात ते आणि त्यांचे वडील उकंडा ट्रकमध्ये उभ्यानं नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. उकंडा गावोगाव सनई वाजवणारा माणूस. सुपारी आली की जायचं, मांडवाच्या बाहेर बसायचं आणि सांगतील तेव्हा, सांगतील तितकं वाजवायचं. नागपूरहून आल्यावर त्यानं सनई फडक्यात गुंडाळली आणि आढ्याच्या लाकडाला बांधून टाकली. पाटलाचा माणूस दोनदा येऊन गेला, पण ती काही खाली आली नाही. गुरुजींनीही आपल्या परीनं एक गोष्ट सोडली. सकाळची शारदेची प्रार्थना ते पेटीवर वाजवत, तोंडानं म्हणत नसत. हे पुष्कळांच्या लक्षात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं ते बोलले नाहीत.

बासष्टच्या फेब्रुवारीत हेडमास्तर भगवानराव एक कागद घेऊन गायनाच्या वर्गात आले. बाकावर बसून त्यांनी आधी चष्मा पुसला. चांगली बातमी असली की ते चष्मा न पुसताच बोलत.

"मुनेश्वर गुरुजी, एक मेपासून आपन जिल्हा परिषदेत चाललो. आता मुदतवाढ-बिढवाढ काही नाही. एक त जागा कायम, नाही त बंद. पंधरा दिवसांनी शनिवारी शाळा तपासाले डिप्टीसाहेब येऊन राह्यले. त्यायचा शेरा जसा राहीन, तसं होईन."

"काय पाह्यतीन ते?"

"गाणं पाह्यतीन, अजून काय? पन ते प्रार्थना, झेंड्याचं गाणं, हे त्यायनं पन्नास शाळांत ऐकलं असन. काही येगळं दाखवा. या भागातलं, लोकायचं. साहेबाले लोकगीताचा शौक हाय म्हन्तात."

घरी गेल्यावर गुरुजींनी हे कौसल्येला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "संगीताची जागा गेली त साध्या मास्तरकीत घेतीन ना तुमाले?"

"मी नॉर्मलचं ट्रेनिंग कुठं केलं? पेटी नसली त त्या शाळेत मी कोनीच नाही."

"मंग?"

दोघांचीही नजर एकदमच आढ्याकडं गेली. पेटी गेली तर घरात उरत होती ती सनई. म्हणजे पुन्हा सुपारी, पुन्हा मांडवाच्या बाहेरची सतरंजी. त्या रात्री जेवताना गुरुजींनी ठरवलं, की शनिवारी हंसाचा ढावलो दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी ते सायकलनं तांड्यावर गेले. नाल्यापलीकडं पंचवीसेक घरं होती. हंसाचा बाप प्रेमसिंग बंडीच्या चाकाला वंगण देत होता. हाताला वंगण असल्यामुळं त्यानं कोपरानंच बाजेकडं खूण केली.

"बेसा गुरुजी. आज इकडं कसे?"

"डिप्टीसाहेब येऊन राह्यले शाळेत. हंसाले कार्यक्रमात घेतो म्हनतो. गाणं म्हनाचं हाय तिले. गळा चांगला हाय."

"घ्या ना. इचारता कायले? तुमच्याच हाती देल्ली पोरगी."

कोणतं गाणं, असं आता प्रेमसिंग विचारेल म्हणून गुरुजी थांबले. त्यानं विचारलं नाही. त्यानं बायकोला, जमनाबाईला, चहा ठेवायला सांगितलं आणि कापसाच्या गोष्टी काढल्या. आतल्या अंगाला रुक्माबाई बसली होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. गुरुजींनी बशीत ओतून चहा घेतला, निरोप घेतला आणि सायकलवर बसले. नाला ओलांडल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं. आपण विचारलं, त्यानं हो म्हटलं, असा हिशेब त्यांनी मनाशी घातला आणि तो जुळला असं समजून पायडल मारलं.

तालीम सुरू झाली. तबल्याला ड्रिल मास्तर पंजाबराव होते. त्यांना ताल दोनच येत, केरवा आणि दादरा, आणि या दोहोंत जगातलं कोणतंही गाणं बसतं अशी त्यांची श्रद्धा होती. पहिल्या दिवशी हंसाचा ढावलो ऐकून त्यांनी तबल्यावरून हात उचलले.

"गुरुजी, याले ठेका कुठून धरू? हे त कधी लांबते, कधी तुटते."

"दादऱ्यात बसवू," गुरुजी म्हणाले.

ढावल्याला ताल नसतो. त्याला बसवायचं तर कापणं आलं. गुरुजींनी कापलं. लांबलेल्या ओळी आखूड केल्या, घसरणारे सूर पेटीच्या पट्ट्यांवर आणून उभे केले, आणि जिथं हुंदका होता तिथं सहा मात्रांचा रिकामा ठेका ठेवला. काम चोख झालं, यात शंका नव्हती. चार दिवसांत ते खरोखर एक सुरेख गाणं झालं.

हंसा मात्र दर वेळी त्या रिकाम्या जागी अडखळे.

"गुरुजी, इथं हुंदका असते जी."

"हुंदक्यानं मात्रा जाते. तो सोडून दे."

"मंग रडू कुठं?"

"रडाचंच नाही. गाणं हाय हे. ताल चुकून राह्यला असं वाटलं की माझ्या बोटांकडं पाह्य. मोज, सहा झाले की पुढची ओळ."

गुरुजी उजव्या हाताची बोटं मांडीवर आपटून तिला सहा मोजून दाखवत. हुशार पोर. आठवड्याभरात ती बोटांकडं न पाहता मोजू लागली. घरी यातलं काही सांगितलंस का, असं गुरुजींनी तिला एकदाही विचारलं नाही, आणि तिनंही आपणहून सांगितलं नाही. गुरुजींनी शिकवलं ते शाळेतलं, दादीनं शिकवलं ते घरचं, असे तिनं बहुधा दोन कप्पे केले असावेत.

शनिवारी शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. डिप्टीसाहेब हार घालून खुर्चीत बसले. गावातली पन्नासेक माणसं होती. तांड्यावरून प्रेमसिंग, जमनाबाई आणि काठी टेकत रुक्माबाई आली होती. नात सरकारी साहेबापुढं गाणार म्हणून म्हातारीनं आरशांची नवी कोरी ओढणी घेतली होती. ते बाजूला, कोपऱ्यात, पण पुढच्याच ओळीत बसले.

प्रार्थना झाली, झेंड्याचं गाणं झालं. डिप्टीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मग पंजाबरावांनी दादरा धरला आणि हंसा उभी राहिली.

पहिली ओळ बापाला उद्देशून होती. ती झाली तेव्हा प्रेमसिंगाचा चेहरा अजून हसराच होता. ओळखीचं काहीतरी वेगळ्या कपड्यात समोर आलं की माणूस क्षणभर ओळखत नाही, तसं त्याचं झालं असावं. दुसऱ्या ओळीला जमनाबाईनं नवऱ्याच्या दंडाला हात लावला. तिसरी ओळ आईसाठी. साहेब खुर्चीत पुढं सरकले होते. हंसा मोजत होती, आणि आवाज असा लागला होता की गुरुजींना स्वतःच्या पेटीची अडचण वाटू लागली.

रुक्माबाई उठली. काठी तिथंच टाकून ती मधल्या मोकळ्या जागेतून चालत गेली, पोरीच्या समोर उभी राहिली आणि तिच्या तोंडावर तळहात ठेवला. तबला दोन मात्रा पुढं जाऊन थांबला. म्हातारीनं आपली नवी ओढणी पोरीच्या डोक्यावरून ओढून तिचा चेहरा झाकला आणि तिला धरून पटांगणाच्या बाहेर नेलं. मागोमाग प्रेमसिंग आणि जमनाबाई उठले.

डिप्टीसाहेबांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. नवरी निघाली, आजी तिला न्यायला आली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्या पटांगणानं वाजवल्या. जाण्यापूर्वी त्यांनी शेरेबुकात लिहिलं, की संगीताचं शिक्षण उत्कृष्ट असून लोकजीवनाशी निगडित आहे, जागा कायम करण्याची शिफारस करतो. भगवानरावांनी शेरा दोनदा वाचून दाखवला. चष्मा पुसला नाही.

रविवारी सकाळी गुरुजी तांड्यावर गेले. या खेपेला कोणी बाज दाखवली नाही. ते अंगणात सायकल धरून उभे राहिले.

"चुकलं," ते म्हणाले. "मले वाटलं, गाणं हाय, म्हटलं त काय होते."

प्रेमसिंग दोर वळत होता. वळता वळताच म्हणाला, "तुमी इचारलं, मी हो म्हटलं. पन काय म्हनाचं ते तुमी सांगतलं नाही."

"राहून गेलं."

"राहून नाही गेलं गुरुजी. तुमाले मालूम होतं, म्हणून नाही सांगतलं."

हे खरं होतं. गुरुजींनी सायकलच्या घंटीवर उगाचच बोट फिरवलं.

रुक्माबाई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिचं बोलणं अर्धं तिच्या भाषेतलं, अर्धं गावचं होतं. ती म्हणाली, "मास्तर, ढावलो कोनासाठी म्हन्तेत? जे घर सुटते, त्याच्यासाठी. पोरगी बापाच्या गळ्याले लागते, तवा म्हनते. एकच दिवस असते तिचा तो. तुमी तिले कोनाच्या गळ्याले लावलं? साहेबाच्या? अन् वर टाळ्या वाजवल्या." तिनं घराच्या आत मान वळवली. "आता तिच्या खऱ्या दिवशी ते काय म्हनील?"

"शाळेत पाठवा तिले. मी गाणं शिकवणार नाही. बाकीचं शिकू द्या."

प्रेमसिंग दोर वळत राहिला. हंसा दिसली नाही. आत कुठंतरी भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो मात्र गुरुजी आले तसा थांबला आणि ते निघेपर्यंत पुन्हा सुरू झाला नाही.

संध्याकाळी गुरुजी जेवले नाहीत, म्हणून उकंडानं विचारलं. रोज संध्याकाळी गुरुजी ओसरीवर शाळेची पेटी काढून बसत आणि म्हातारा शेजारी बसून ऐकत असे. तेवढं एक सुख तो आपल्याला उरलं आहे असं मानी. गुरुजींनी त्याला सगळं सांगितलं, कोणतं गाणं ते प्रेमसिंगाला मुद्दाम सांगितलं नाही, तेही सांगितलं.

उकंडानं आढ्याच्या सनईकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "माही माय सकायी मेली. त्याच दिवशी पाटलाच्या घरची हळद होती. मानूस आला, म्हने चाल. मी म्हटलं, घरात मयत हाय. तो म्हने, ते तुह्यं घरचं हाय, हे सुपारीचं हाय. मायले तशीच ठेवून दिवसभर वाजवलं मी. आनंदाचं वाजवलं. तुले हे मालूम हाय का नाही?"

"मालूम हाय."

"मालूम होतं, तरी केलंस."

"जागा गेली असती बाबा."

"हो. माही बी भाकर गेली असती," म्हातारा म्हणाला आणि उठून आत गेला. त्या दिवसापासून गुरुजींनी ओसरीवर पेटी उघडली की उकंडा उठून गोठ्याकडं जाऊन बसू लागला. भांडण नाही, अबोला नाही. बाकी सगळं बोलणं चाले. फक्त पेटी उघडली की तो उठे.

मे महिन्यात जागा कायम झाल्याचा कागद आला. कौसल्येनं शेजारणींना गूळ वाटला. गुरुजींना आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मार्च महिन्यातलं ते वाट पाहणं संपलं. ते गाढ झोपू लागले. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आठवीच्या हजेरीपटावर हंसाचं नाव नव्हतं. गुरुजी जुलैपर्यंत तीनदा तांड्यावर जाऊन आले. तिन्ही वेळा प्रेमसिंग नीट बोलला, पाणी दिलं, आणि पोरगी आली नाही. दोन वर्षं तांड्यातली एकही मुलगी सातवीच्या पुढं आली नाही. मग हळूहळू येऊ लागल्या. माणसांना किती दिवस लक्षात ठेवायला सवड असते.

पुढच्या वर्षी डिप्टीसाहेबांचा निरोप आला, की ते नवरीचं गाणं आणि आजीचा प्रवेश पुन्हा ठेवा. "ती मुलगी शाळेत नाही," एवढंच गुरुजींनी भगवानरावांना सांगितलं आणि झेंड्याची दोन गाणी बसवली. त्यानंतर त्यांनी शाळेत ठरलेलंच शिकवलं. सारेगम, अलंकार, प्रार्थना, पंधरा ऑगस्ट. कोणी पोर घरचं काही गुणगुणू लागलं की ते भाता सोडून खिडकीबाहेर पाहत बसत, पोराचं गाणं संपेपर्यंत. चांगले शिक्षक म्हणून त्यांचं नाव होतं.

पासष्टच्या चैत्रात प्रेमसिंग शाळेत आला. गायनाच्या वर्गाच्या दारात उभा राहून त्यानं डोक्यावरचं पागोटं सारखं केलं.

"हंसाचं लगन हाय गुरुजी. उमरखेडकडचा पोरगा हाय. परवा सकायी पोरगी निंगते. दादी म्हने, मास्तरले सांगून या." मग पेटीकडं पाहून तो म्हणाला, "पेटी नका आनू."

"नाही आणत."

तरी तो गेला नाही. दाराच्या लाकडावरून बोट फिरवत राहिला. मग एकदाचं म्हणाला, "चार महिने झाले, दादी शिकवून राह्यली तिले. ढावलो येते तिले सारा. पन रडनं नाही येत. हुंदक्याची जागा आली की चूप राहते, अन् मंग पुढं म्हनते. दादीनं मारलं बी एक दिवस. मी इचारलं, काहून वं, अशी काहून थांबते? त म्हने, मी मोजतो."

तो तक्रार करत नव्हता. पिकाला काय झालं हे जाणत्या माणसाला विचारावं तसं तो सांगत होता. गुरुजींना वाटलं, याच्या पाया पडावं. पण तास चालू होता आणि समोर चाळीस पोरं बसली होती. ते नुसतेच "येतो" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. तांड्यात गर्दी होती. सजवलेला बैल नाल्याच्या वाटेवर उभा केला होता. नवरीनं त्याच्या पाठीवर उभं राहून माहेराला शेवटचे आशीर्वाद द्यायचे असतात. गुरुजी पुरुषांच्या कडेला, एका खुंटापाशी उकिडवे बसले. रुक्माबाई दाराजवळ बसली होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मान किंचित हलवली. तिला आता फारसं दिसत नव्हतं, तेव्हा ती मान त्यांच्यासाठीच होती की नाही, कोण जाणे.

हंसा बाहेर आली. सोळा वर्षांची, अंगभर आरसे. आधी ती आईच्या गळ्याला लागली आणि म्हणू लागली. आवाज तोच होता, फक्त भरला होता. सूर स्वच्छ, शब्द स्वच्छ. ओळ संपली आणि ती थांबली. बायकांनी डोळ्यांना ओढण्या लावायची तयारी केली होती. सहा मात्रा गेल्या आणि पुढची ओळ बरोबर समेवर आली. बायकांनी ओढण्या खाली घेतल्या. जमनाबाई रडत होती, पण एकटीच, आणि मुलगी तिच्या खांद्यावरून कोरड्या डोळ्यांनी समोर पाहत होती. रुक्माबाईनं मान खाली घातली.

मग हंसा बापाच्या गळ्याला लागली. तीच ती पहिली ओळ. आता प्रेमसिंगाच्या खांद्यावरून तिचं तोंड पुरुषांकडं होतं. गुरुजींनी वर पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ती कुठं पाहते आहे. ती त्यांच्या हाताकडं पाहत होती. त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर पडत होती. एक, दोन, तीन, चार. केव्हापासून, त्यांना कळलं नव्हतं.

गुरुजींनी हात उचलून पाठीमागं नेला आणि डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. बोटं तरीही हलत होती, म्हणून घट्ट धरलं.

हंसाची ओळ संपली. ती थांबली. तिची नजर त्या मांडीवर शोधत राहिली आणि तिथं काही नव्हतं. सहा मात्रा गेल्या असतील, सात गेल्या, दहा गेल्या. पुढची ओळ येईना. मग तिच्या छातीतून एक आवाज निघाला, सुरात नसलेला, फाटका, आणि तो 'हियाऽऽ' होऊन लांबत गेला. तिनं बापाच्या पाठीवर डोकं आपटलं. प्रेमसिंगाचे खांदे हलू लागले. दाराजवळून रुक्माबाईनं बसल्या जागेवरूनच पुढची ओळ उचलून दिली, नातीनं ती अर्धीच घेतली, बाकीची रडण्यात गेली, आणि मग सगळ्या बायका एकदम रडू लागल्या.

बैल नाला ओलांडून पलीकडं जाईपर्यंत गुरुजींनी मनगट सोडलं नाही.

ते घरी आले तेव्हा ऊन चढलं होतं. उकंडा ओसरीवर बसून होता.

"कशी म्हटली पोरगी?"

"ताल सुटला तिचा."

म्हाताऱ्यानं क्षणभर विचार केला. "मंग बरं म्हटलं," तो म्हणाला.

गुरुजींनी रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. उजव्या मनगटावर चार बोटांचे वळ अजून तांबडे होते. उकंडानं ते पाहिले आणि सरकून बाजूला जागा केली.